बेचाळिसावं पत्र

खळदकरकाकांच्या घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' असं लिहिलेलं आहे. त्याखाली बरणी भरल्याची तारीख आणि त्याखाली काकांची सही. साखरेच्या बरणीवरही सही आहे. मंदाकिनीकाकू म्हणतात, "चोवीस वर्षं स्टोअर सांभाळलं या माणसानं. नशीब, माझ्या पाठीवर चिठ्ठी नाही चिकटवली."

"तुझी नोंद लग्नपत्रिकेत आहे," काका म्हणतात, आणि पेपर पुढे वाचायला लागतात.

गोपाळकृष्ण खळदकर, कसबा पेठ, आमच्या बरोबर वरचा मजला. धायरीला व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथे चिठ्ठीशिवाय साधा वॉशर मिळायचा नाही. एकदा मोठे मालक स्वतः फ्यूज मागायला खिडकीशी आले. काकांनी हात पुढे केला. "चिठ्ठी?" मालक केबिनमध्ये परत गेले, चिठ्ठी लिहिली, आपणच मंजूर केली आणि मग फ्यूज घेऊन गेले. काका ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, "माणूस मोठा होता. रागावला नाही." कोण रागावलं नाही ते आपण समजून घ्यायचं.

मोठे मालक गेले आणि धाकटे मालक केदार खुर्चीत आले ते दोन हजार सात साल. फ्रिज आता आपापला स्टॅबिलायझर पोटातच घेऊन यायला लागले होते. आणि सिंहगड रस्त्यावर असे दिवस आले होते, की कारखान्यातल्या मालापेक्षा कारखान्याखालच्या जमिनीला जास्त मागणी होती. केदारनं एका सकाळी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"सो, बेसिकली, आपण मॅन्युफॅक्चरिंगमधून एक्झिट होतोय."

वाइंडिंगला उत्तरेश्वर नावाचा कारागीर होता, अंबाजोगाईकडचा. तारेचे वेढे तो न मोजता बरोबर घालायचा. त्यानं हात वर केला. "म्हंजी काय व्हतंय, मालक?"

"म्हणजे ग्रोथसाठी आपण हे युनिट क्लोज करतोय."

"ग्रोथ कुनाची?"

"ओव्हरऑल."

"आन् आमी?"

"तुम्हाला ऑफकोर्स लेटर मिळेल."

लेटरं टाइप करायला मात्र कोणी उरलं नव्हतं. ऑफिसातला कारकून वारं ओळखून महिनाभर आधीच हिंजवडीला कुठेतरी चिकटला होता. मराठी टाइपरायटर चालवणारा माणूस एकच. काकांनी बेचाळीस कोरे कागद मोजून घेतले, स्वतःच्या नावानं चिठ्ठी फाडली आणि बसले. "कारखाना कायमचा बंद होत असल्याने आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे." एकदा, दोनदा, दहादा. दुपारी चहा झाला. तिसाव्या पत्रापासून बोटं आपोआप चालायला लागली. एकेचाळिसावं पत्र उत्तरेश्वरचं होतं. बेचाळिसावं त्यांचं स्वतःचं.

'श्री. गोपाळकृष्ण खळदकर' इथपर्यंत बोटं नीट चालली. 'आपणांस' पर्यंतही चालली. मग थांबली. काकांनी कागद बाहेर ओढला, जादा कागदाची वेगळी चिठ्ठी फाडून नवा लावला आणि तिथे असं टाइप झालं: "श्री. खळदकर हे स्वेच्छेने सेवानिवृत्त होत आहेत."

केदारनं गठ्ठ्यावर सह्या केल्या. त्याला दुपारी आर्किटेक्टला भेटायचं होतं. एकही पत्र त्यानं वाचलं नाही.

स्वेच्छेनं निवृत्त झालेल्या माणसाचा पुण्यात सत्कार होतो. कोणी करत नसेल तर तो सत्काराची नुसती व्यवस्था पाहतो. पेठेतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळाला. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं मानपत्र. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि संहिता काकांचीच होती. "टाळ्या" असं कंसात लिहिलेल्या जागी मी थांबायचं, असं ठरलं होतं. मानपत्रात एक वाक्य होतं, "मोहाच्या क्षणी खुर्ची सोडण्याचे दुर्मीळ धैर्य त्यांनी दाखविले." ते मी वाचलं तेव्हा पहिल्या रांगेत काकू आपल्या पदराच्या शिवणीकडे बघत होत्या.

मग उत्तरेश्वर मनोगताला उठला. त्यानं माइकला आधी नमस्कार केला.

"स्टोअरसायबांचं आमाला लई कवतिक वाटतंय. आमाला समद्यांला काडलं. सायेब सोताहून निगाले. म्या इचार करतोय, येकाच दिवशी, येकाच गेटातनं, येकाच येळंला..."

"आभार!" काका खुर्चीतूनच म्हणाले. "वेळेचं भान राखूया."

मी टाळ्या सुरू केल्या. कंस नसतानाही.

दिवाळीनंतर काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ते चकलीवर ढकललं, मग हवेवर. एका पहाटे त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून वाकल्या आणि बराच वेळ सरळ होईनात, तेव्हा काका त्यांना कामगार विम्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पगारातून दर महिन्याला कापून जाणाऱ्या त्या विम्याचं कार्ड काकांनी चोवीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं होतं. वापरलं क्वचितच. कार्डावरच्या फोटोत काकांच्या डोक्यावर अजून सगळे केस होते.

सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. "पिशवी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "विम्याच्या रुग्णालयात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला नंबर लागतोय."

"उत्तम. लिहा."

"पण तुमचं कार्ड डिसेंबरअखेरपर्यंतच आहे, खळदकर. नोकरी सुटली ना तुमची?"

"मी सोडली," काका म्हणाले.

खासगी रुग्णालयात चौकशी केली, तर आकडा ऐकून काका खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि उभ्यानंच "विचार करून कळवतो" म्हणाले. तीन दिवस त्यांनी विचार केला. त्या तीन दिवसांत काकूंना दोनदा कळा आल्या. त्या कळा आमच्या छतातून ऐकू यायच्या, कारण काकू ओरडायच्या नाहीत, भांडी जोरात ठेवायच्या.

चौथ्या दिवशी उत्तरेश्वर तिळाचे लाडू घेऊन आला. आता तो बुधवार पेठेत मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात बसत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"आवो सायेब, येवढंच ना? म्या आईचा डोळा करून घेतला की, कारखाना बंद पडल्याव! काडलेल्या मान्साचा दवाखाना चालूच ऱ्हातोय काई दिवस. वर सा म्हैने निम्मा पगार बी देत्यात."

"कोण देतं?"

"इमावाले. बेकार भत्ता म्हनत्यात."

"मी बेकार नाही," काका म्हणाले. "मी निवृत्त आहे."

आतून एक पातेलं आपटलं. काका उठले आणि फाइल करायला बसले.

विमा कार्यालयातल्या खिडकीत हेमा नावाच्या बाई बसतात. आवाज बारीक, पण रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. साक्षीदार म्हणून उत्तरेश्वर आणि फाइल धरायला मी, असे आम्ही तिघं गेलो होतो.

"बोला."

"मी गोपाळकृष्ण खळदकर. विषय, वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवण्याबाबत."

"विषय नको. कागद द्या."

काकांनी फाइल सरकवली. हेमाबाईंनी पहिलं पान उलटलं. "हे काय?"

"अनुक्रमणिका."

"बरं." त्यांनी पानं उलटली. "तुम्ही स्वेच्छेने निवृत्त झालात?"

"तशी नोंद आहे."

"अभिनंदन. पुढचे या."

"अहो, पण लाभ..."

"आजोबा, ज्यांना काढलं त्यांच्यासाठी ही योजना आहे. ज्यांनी आपणहून सोडलं त्यांच्यासाठी नाही. तुम्हाला काढलं, की तुम्ही सोडलंत?"

रांगेतले सतराजण आमच्याकडे बघत होते. एकानं तर बघण्यासाठी कानातलं गाण्याचं यंत्र काढलं.

"परिस्थिती अशी होती की..." काकांनी घसा साफ केला.

"फॉर्मवर परिस्थितीचा रकाना नाहीये. आणि हे जोडपत्र सात काय आहे? मानपत्र?" हेमाबाईंनी चष्मा वर ढकलून वाचायला सुरुवात केली. "'मोहाच्या क्षणी खुर्ची सोडण्याचे दुर्मीळ धैर्य.' कोणी लिहिलं?"

"संकलन माझं आहे."

"भाषा छान आहे. याच्यावर अर्ज नामंजूर होतो."

"मॅडम," उत्तरेश्वरनं खिडकीत डोकं घातलं, "त्येंला बी काडलंय. म्या डोळ्यानं बगितलंय."

"तुम्ही यांच्या सत्काराला होतात?"

"व्हतो की. भाषन केलं."

"भाषणात काय म्हणालात?"

उत्तरेश्वरनं डोकं खिडकीतून काढून घेतलं.

हेमाबाईंनी मागच्या कपाटातून कारखान्याची फाइल काढली आणि बोट फिरवत गेल्या. "एकेचाळीस जणांना कामावरून कमी केलं. एकाच तारखेला. आणि त्याच तारखेला तुम्हाला आतून इच्छा झाली."

"हो."

"सुमारे किती वाजता?"

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हेमाबाईंनी पुन्हा चष्मा वर ढकलला आणि त्यांच्याकडे जरा नीट पाहिलं. "ऑपरेशन कोणाचं आहे?"

"हिचं," काका म्हणाले. 'ही' तिथे नव्हती, तरी बाईंना कळलं.

"ऐका. मालकाकडून दुरुस्तीचं पत्र आणा. तुमचा स्वतःचा जबाब, स्वतःच्या अक्षरात. त्यात स्पष्ट लिहायचं, मला कामावरून कमी केलं. खाली साक्षीदाराची सही. साहेबांना मी दाखवते, बाकीच्यांच्या कागदांवरून त्यांना पटेल. पण एकतीस तारखेच्या आत. आणि हे मानपत्र घरी न्या."

"प्रत आहे ती. राहू द्या."

"न्या हो!"

धायरीला कारखान्याच्या जागी आता पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणावर टाय लावलेल्या एका हसऱ्या जोडप्याचं चित्र. आत एकच फ्लॅट तयार होता, नमुन्याचा. स्टोअरची खिडकी जिथे होती तिथे आता नमुन्याचं स्वयंपाकघर आलं होतं. काकांनी तिथल्या डब्यांवरून एक नजर टाकली. एकाही डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"काका! व्हॉट अ सरप्राइज!" केदार म्हणाला. सगळं ऐकल्यावर तो गोंधळला. "पण तुमचं लेटर तर तुम्हीच टाइप केलेलं ना? मी तर न वाचता सही केली."

"तेच चुकलं," काका म्हणाले. "माझ्या खिडकीवर असतं तर मी परत पाठवलं असतं."

"नो प्रॉब्लेम, आत्ता करू. पण मी तुम्हाला काढलं, असं लिहायचं? खूप ऑकवर्ड आहे, काका. बाबा असते तर..." केदारनं लॅपटॉप पुढे ओढला. "तुम्ही सांगा, मी लिहितो. ते वर्डिंग मला नाही येत."

ते वाक्य काकांनी एकेचाळीस वेळा टाइप केलं होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "कारखाना कायमचा बंद होत असल्याने, स्वल्पविराम, श्री. खळदकर यांना कामावरून..."

"कामावरून?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"कामावरून काय, काका?"

"कमी," उत्तरेश्वर हळूच म्हणाला. "कमी करन्यात आलं. फुलस्टाप."

उरला जबाब. तो काकांनी घरी लिहायला घेतला आणि तीन दिवस लिहीत राहिले. पहिला मसुदा: "परस्परसंमतीने सेवा संपुष्टात आली." दुसरा: "कारखान्यास माझी गरज उरली नाही, असे कारखान्याचे मत पडले." तिसऱ्यात कारखान्यानं काकांपासून फारकत घेतली होती. प्रत्येक मसुदा काकूंना वाचून दाखवला जायचा. काकू ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत ऐकायच्या. उभं राहवत नव्हतं त्यांना आता.

"चौथा ऐक. 'नियतीच्या...'"

"अहो, पुरे."

"अजून पूर्णविराम नाही आला."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "त्या दिवसापासून."

काकांनी कागद खाली ठेवला. "काय माहीत होतं?"

"सगळं. स्वेच्छेनं तुम्ही आयुष्यात एक गोष्ट केली नाहीत. लग्नसुद्धा आईंच्या इच्छेनं केलंत. कारखाना सोडताय होय! ताप असला तरी कामावर जायचात. मोठ्या मालकांच्या दहाव्याला गेलात, तेसुद्धा अर्ध्या दिवसाची रजा लावून."

"मग सत्काराला आलीस कशाला?"

"शाल चांगली होती." काकूंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. मग दोन्ही हात पोटावर दाबून त्या थांबल्या, दात घट्ट आवळून. काका उठले आणि जवळ जाऊन नुसते उभे राहिले. कळ गेल्यावर काकू म्हणाल्या, "मला तुमचं कौतुक आहे हो. कोणी काढलं म्हणून ते कमी नाही होत. पण हे आतले खडे मानपत्रानं विरघळत नाहीत. लिहा ते एक वाक्य."

काका बसले. कागद नवा घेतला, आणि यावेळी त्याची चिठ्ठी फाडली नाही.

अठ्ठावीस डिसेंबरला आम्ही पुन्हा खिडकीशी. रांग पहिल्यापेक्षा लांब, वर्षाअखेर सगळ्यांचीच होती. हेमाबाईंनी केदारचं पत्र पाहिलं, जबाब पाहिला, साक्षीदाराकडे पाहिलं.

"जबाब साक्षीदारानं वाचलाय?"

"मराठी माझं कच्चं हाय, मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला. "लिव्हलेलं."

"मग यांना वाचून दाखवा. त्यांनी ऐकल्याशिवाय सही चालणार नाही."

काकांनी कागद नाकाजवळ धरला आणि आरतीच्या वेळी शब्द न येणारा माणूस जसा ओठ हलवतो तसे ओठ हलवले.

"ऐकू येईना," उत्तरेश्वर म्हणाला.

काकांनी पुन्हा ओठ हलवले.

"सायेब, चोवीस वरीस तुमी 'चिट्ठी' म्हनून वरडलाव तर पार वाइंडिंगला ऐकू यायचं. आन् आता घसा बसला व्हय?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. काका ताठ झाले. त्यांनी शर्टाच्या वरच्या बटणाला हात लावून पाहिला, कागद खाली घेतला आणि न बघता, स्टोअरच्या खिडकीतून बोलायचे त्या आवाजात म्हणाले:

"मी, गोपाळकृष्ण खळदकर! मला कामावरून काढून टाकलं! मी सोडलं नव्हतं! मला विचारलं असतं, तर मी आजही तिथेच बसलो असतो!"

मग रांगेतून आवाज आला, "काका, मलाही काढलंय." मागून दुसरा, "आमच्या सगळ्या शिफ्टला." कानात गाणी ऐकणारा एक मुलगा म्हणाला, "मला तर मेसेजवर." एक बाई म्हणाल्या, "आम्हाला पत्रसुद्धा दिलं नाही. तुमचं नशीब, तुम्हाला टाइप करून मिळालं."

"हे बघा, सगळ्यांना काढलंय म्हणूनच सगळे इथे आलेत," हेमाबाई म्हणाल्या. "ओरडायची गरज नाही. कागदावर 'कमी करण्यात आलं' असं आहे, तुम्ही 'काढून टाकलं' म्हणालात. चालेल. साक्षीदार, ऐकलंत?"

"गल्लीत बी ऐकलं असंल," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्यानं सही केली. सही झोकदार होती. मराठी कच्चं असलेल्या माणसाच्या मानानं फारच झोकदार.

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू वाचू शकतोस."

"सातवी पास हाय की. पर तुमच्या तोंडनं ऐकायचं व्हतं, सायेब. सत्काराला राहून गेलं."

अर्जावर शिक्का पडला. तो तिरका पडला होता. काकांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंची पिशवी निघाली. विम्याच्या रुग्णालयात काकांनी सलाइनच्या बाटलीवरची तारीख दोनदा तपासली आणि दोनदा सिस्टरच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी काकू घरी आल्या. सोबत एक छोटी काचेची बाटली होती. रुग्णालयानं त्यांचे खडे त्यांना परत दिले होते, मालकी हक्कानं.

मी खिचडी घेऊन वर गेले तेव्हा काका टेबलाशी चष्मा लावून बसले होते. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून झाली होती. मानपत्राच्या फ्रेमखाली खिळ्याला अडकवलेली कार्डाची पिशवी हलत होती.

"काय लिहिताय?" काकूंनी पलंगावरून विचारलं.

"नोंद नको? उद्या कोणीतरी मसाल्यात टाकेल." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "खडे. नग अकरा. मंदाकिनी गोपाळकृष्ण खळदकर यांच्या पोटातून कमी करण्यात आले."

काकू हसायला गेल्या आणि टाक्यांवर हात धरून थांबल्या. "हसवू नका हो. आणि नीट लिहा. त्यांनी मला सोडलं नाही. मीच त्यांना काढून टाकलंय."

काकांनी क्षणभर विचार केला, 'कमी करण्यात आले' वर बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'काढून टाकले'. खोडलेल्या जागेशेजारी छोटी सही केली, नियमाप्रमाणे. मग बाटली फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.